त्रिनिदादच्या किनाऱ्यावरचे समुद्रमंदिर

वेस्ट इंडिजमधील त्रिनिदाद म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. पण या बेटाचा किनाराही मोठा देखणा आहे. उत्तरेला हिरव्या डोंगरांच्या कुशीत माराकसची रुपेरी वाळू पसरली आहे. समुद्रस्नान आटोपले की तळलेल्या पावात शार्क मासा घालून, वर आंबटतिखट चटण्या ओतून खायचे, ही इथली रीत. ग्रांद रिव्हिएरला मार्च ते ऑगस्टमध्ये लेदरबॅक जातीच्या महाकाय कासवमाद्या रात्री अंडी घालायला येतात.

पश्चिम किनाऱ्यावरील वॉटर्लू गावी मात्र पर्यटकाचे मन हेलावते. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर राबायला भारतीय मजूर या बेटावर येऊ लागले. त्यांच्यापैकीच एक शिवदास साधू. त्यांनी १९४७ साली साखर कंपनीच्या जमिनीवर मंदिर बांधले. कंपनीने ते पाडले, साधूंना तुरुंगवासही घडला. जमिनीवर देवाला जागा नाही, तर समुद्रात बांधू, असा त्यांनी निश्चय केला. सायकलवरून दगड, सिमेंट वाहत वर्षानुवर्षे एकट्याने समुद्रात भर घातली आणि मंदिर उभारले.

लाटांच्या माऱ्याने ते खचले. १९९५ साली, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाली तेव्हा, त्याची पुन्हा उभारणी झाली. आज भरतीच्या वेळी ते जणू पाण्यावर तरंगताना दिसते.