पाटाकाठची वाट आणि सायकलीवरचे पाहुणे

कालवा म्हटला म्हणजे शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम पाणी उभे राहते. आवर्तन केव्हा सुटणार, सात नंबरचा अर्ज मंजूर झाला की नाही, शेवटच्या चारीस पाणी पोचणार की वरचेच ते अडविणार, हाच त्याचा घोर. कालव्याच्या भरावावरून जी वाट जाते तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पाटकऱ्याची फेरी व्हावी आणि दुरुस्तीचे सामान नेता यावे, एवढ्याकरिता ती ठेविलेली असते. आमचे म्हणणे असे की, नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षमुलखात ही वाट नीट राखली तर पाण्याखेरीज आणखीही एक लहानसे उत्पन्न तिच्यावरून शेतकऱ्याच्या दारी येईल. आणि न राखली तर ती आज ना उद्या हातची जाईल.

हे उत्पन्न आणणारा पाहुणा कोठून यावयाचा, हे आम्ही रोज पाहतो. आमचे हल्लीचे वास्तव्य मुंबईच्या उपनगरांत, जोगेश्वरीस. पश्चिमेस स्वामी विवेकानंद मार्ग, पूर्वेस द्रुतगती महामार्ग, आणि तेथून विक्रोळीकडे जाणारा जोडरस्ता. तिन्हींवर मोटारींची रांग तुटत नाही. ज्यास सायकलीची हौस आहे तो सूर्योदयापूर्वी निघतो आणि गर्दी होण्याच्या आत जीव मुठीत धरून परततो. पाण्याच्या वाटेने सायकल न्यावी ही कल्पना मुंबईसही सुचलेली आहे. तानसा धरण १८९२ साली बांधून झाले. तेथून शहरात येणाऱ्या मोठ्या नळांच्या दोन्ही अंगांस दहा दहा मीटर जागा मोकळी करावी असा उच्च न्यायालयाचा हुकूम झाला, आणि त्या मोकळ्या पट्ट्यावर मुलुंड ते शीव व घाटकोपर ते सहार असा एकूण ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग महानगरपालिकेने योजिला. पण जी जागा आधीच झोपड्यांनी व गाळ्यांनी व्यापली होती ती सोडविण्यातच वर्षे गेली. खेड्यातील पाटाची जागा अद्याप बव्हंशी मोकळी आहे, हा फरक वाचकांनी ध्यानात धरावा.

परदेशचे एक उदाहरण येथे देणे इष्ट वाटते. फ्रान्सच्या दक्षिणेस पिएर-पॉल रिके नावाच्या गृहस्थाने १६६६ पासून एक कालवा खणावयास घेतला. तो १६८१ साली पुरा झाला. लांबी २४० किलोमीटर. तो शेतीकरिता नव्हे, नावांकरिता होता. काठावरून घोडे चालत आणि दोराने नाव ओढीत. पुढे आगगाडी व मालमोटारी आल्या, मालाच्या नावा बंद पडल्या, आणि घोड्यांची ती वाट रिकामी राहिली. आज तीवरून सायकलस्वार द्राक्षमळ्यांमधून कित्येक दिवसांचा प्रवास करितात. रात्री खेड्यात उतरतात, तेथीलच जेवण जेवतात, तेथीलच द्राक्षमद्य विकत घेतात. ती वाट सर्वत्र गुळगुळीत आहे असेही नाही. बरीचशी मातीचीच आहे. काठच्या जुन्या झाडांस २००६ पासून बुरशीचा रोग लागून हजारो झाडे तोडावी लागली, तरी प्रवासी यावयाचे थांबले नाहीत. सावली गेली, पण मोटारी नव्हत्या. प्रवाशास खरी किंमत त्याचीच असते.

आता आपल्याकडे पाहू. गंगापूर धरणाचा डावा कालवा मखमलाबादच्या बाजूने निफाडच्या अंगास जातो. गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. तेथून निघालेले दोन कालवे शंभर वर्षांहून अधिक काळ वाहत आहेत. बंधाऱ्याच्या पाणथळीस २०२० साली रामसर यादीत स्थान मिळाले. महाराष्ट्रातील ती पहिलीच जागा, आणि हिवाळ्यात तेथे परदेशी पक्ष्यांचे थवे उतरतात. सायकलीस पाटाची वाट मानवते याचे कारण साधे आहे. पाणी आपल्या वजनाने वाहावयाचे, म्हणून पाट समपातळीच्या रेषेने अगदी अल्प उतार देऊन काढलेला असतो; टेकाड आले तर त्यास वळसा घालतो. म्हणजे सायकलस्वारास चढ लागतच नाही. ओढा आडवा आला की पाट पुलावरून किंवा जमिनीखालून जातो. तेवढ्या जागी खाली उतरून सायकल हाताने न्यावी लागते, इतकेच.

नाशिककरांस सायकल नवी नाही. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आरपार सायकलीने ओलांडण्याची शर्यत नऊ दिवसांच्या मुदतीत पुरी केली. तो पराक्रम थोरच. परंतु आम्ही बोलतो आहो ते दिवसास तीस-चाळीस किलोमीटर जाऊन बागेपाशी थांबणाऱ्या माणसाविषयी.

त्याचा शेतकऱ्यास उपयोग काय? १९९९-२००० च्या सुमारास गंगापूर धरणाच्या परिसरात द्राक्षमद्याचा कारखाना उभा राहिला. २००१ साली सरकारने या धंद्यास उत्तेजन देणारे धोरण काढले, आणि पुष्कळांनी करारावर मद्याच्या जातीची लागवड केली. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी मंदावली तेव्हा त्यांपैकी अनेकांनी उभ्या वेली उपटल्या. एकाच गिऱ्हाइकावर बाग उभी केली म्हणजे असे होते. खाण्याच्या द्राक्षांचे तरी काय, भाव व्यापारीच ठरवितो. दारी आलेला प्रवासी बागेचा सगळा माल नेणार नाही हे खरे. पण बेदाणा, ताजा रस, जेवण, रात्रीचा मुक्काम यांचे पैसे तो रोख देतो. २०२० च्या राज्याच्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्याच्या अशा जोडधंद्यास मान्यताही दिली आहे.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट बजावणे जरूर आहे. फवारणीच्या दिवशी पाहुण्यास बागेत पाऊल टाकू देऊ नये. फळछाटणीनंतर केवडा-भुरीसाठी फवारे सारखे चालू असतात, तेव्हा पाहुणे बोलवावयाचे ते जानेवारी ते मार्च, काढणीच्या हंगामात. पावसाळ्यात तर काळी माती चाकास अशी धरते की सायकल खांद्यावर घेण्याची पाळी येते. दुसरी गोष्ट याहून मोठी. अस्तर केलेल्या पाटाच्या बाजू निसरड्या असतात. आवर्तन चालू असता आत पडलेला माणूस पोहता येत असूनही वर चढू शकत नाही. म्हणून ठराविक अंतरावर पायऱ्या व पकडावयास दोर हवेत, आणि मद्याची चव ज्यास घ्यावयाची असेल त्याने ती मुक्कामी पोचल्यावर घ्यावी, पाटाच्या वाटेवर असताना नव्हे.

जागा कोणाची, हा प्रश्न आमच्या जुन्या पेशाचा. भरावाची जमीन जलसंपदा खात्याची. १९७६ च्या पाटबंधारे कायद्याखाली तेथे परवानगीवाचून काही करता येत नाही. तरीही कोणी भरावाची कड नांगरतो, कोणी वाटेवरून पंपाची वायर टाकतो, कोणी कडब्याची गंज रचतो. आम्ही महसुली नोकरीत रस्त्याच्या तंट्यांचे कागद इतके हाताळले की वारसनोंदीही मागे पडाव्यात. १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा आणि महसूल संहितेचे १४३ वे कलम यांवाचून एक महिना गेला नसेल. अनुभव असा की, वापरातली वाट कोणी दाबू शकत नाही; वापर थांबला की नांगर चालू होतो. उलट बाजूने दुसरे भय आहे. वाट बरी दिसली की तीवर डांबर घाला अशी मागणी येते, मग मोटारी येतात, भराव खचतो, आणि पाटही फुटतो.

यावर तोड शेतकऱ्यांच्याच हाती आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या शेपटास असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांस पूर्वी पाणी मिळत नसे. समाज परिवर्तन केंद्र व बापूसाहेब उपाध्ये यांच्या पुढाकाराने तेथे पाणी वापर संस्था निघाल्या, त्या वाढत वाढत २४ झाल्या, आणि साऱ्या प्रकल्पाच्या पाण्याची व्यवस्था त्यांनी सांभाळली. ज्या ओझरास रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ साली द्राक्षबाग लावली तेच हे ओझर. २००५ च्या कायद्याने अशा संस्थांस सर्व राज्यात अधिकार मिळाले आहेत. वाटेच्या तोंडाशी सायकल जाईल पण मोटार जाणार नाही अशा बेताने दोन दगडी खांब पुरावेत. मधला आडवा नळ कुलपाचा ठेवावा आणि किल्ली पाटकऱ्याकडे असावी, म्हणजे दुरुस्तीचे यंत्र अडणार नाही. खर्च संस्थेस झेपण्याजोगा आहे. खात्याची लेखी परवानगी मात्र आधी घ्यावी, व अर्जास भरावाचा नकाशा जोडावा. नकाशावाचून आलेला अर्ज टेबलावरच राहतो.

१५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून रब्बीचे नियोजन ठरते. त्या वेळच्या सभेत हा विषय मांडावा, आणि पहिले आवर्तन सुटण्यापूर्वी पाट कोरडा असतानाच पायऱ्यांचे काम उरकून घ्यावे.