जंतूंचा रिपोर्ट आणि जेलीची रेसिपी: काय आहे कनेक्शन?

युरिन कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस का लागतात? कारण लॅबमध्ये आधी जंतू वाढवावे लागतात. द्रवात सगळे जंतू एकमेकांत मिसळतात. घट्ट थरावर मात्र प्रत्येक जंतू जागच्या जागी वाढतो आणि त्याचा वेगळा ठिपका, म्हणजेच कॉलनी तयार होते. त्यामुळे नेमका जंतू ओळखता येतो.

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यासाठी जिलेटिन वापरायचे. पण ते ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानालाच वितळायचं. शिवाय काही जंतू ते पचवून पातळ करायचे.

१८८१ च्या सुमारास कॉख यांच्या लॅबमधले वॉल्थर हेस यांना पत्नी फॅनी यांनी उपाय सुचवला: अगर. समुद्री शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ त्या जेलीसाठी वापरायच्या. घट्ट झालेलं अगर ३७ अंशांना वितळत नाही आणि बहुतेक जंतूंना ते पचतही नाही.

१८८२ मध्ये कॉख यांनी टीबीच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यात अगरचा उल्लेख होता, फॅनी यांचा नव्हता.

आजही कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल, हे अगरच्या प्लेटवर तपासलं जातं. आपल्या किराणा दुकानात तेच 'चायना ग्रास' म्हणून मिळतं.