तिफणीच्या तासांतील सममूल्य गुणोत्तर

बीड जिल्ह्यात खरिपाच्या सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेतले जाते आणि त्यासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस २:१ किंवा ४:२ अशी आहे. यातील पहिले पद सोयाबीनच्या ओळींचे, दुसरे तुरीच्या. ही दोन्ही गुणोत्तरे सममूल्य आहेत, म्हणजे पहिल्याच्या दोन्ही पदांना २ या एकाच संख्येने गुणले की दुसरे मिळते. मग शिफारशीत ‘किंवा’ कशासाठी, हा प्रश्न सहावीतल्या विद्यार्थ्याला पडला, तर त्याचे गणित योग्य वाटेवर आहे असे खुशाल समजावे.

उत्तर तिफणीत, म्हणजे तीन फणांच्या पेरणीच्या अवजारात, सापडते. तुरीचे बी मधल्या फणामागे सोडले, तर प्रत्येक फेरीत सोयाबीन, तूर, सोयाबीन असे तास पडतात आणि दर दोन तुरींमध्ये सोयाबीनच्या दोनच ओळी राहतात. तेच बी कडेच्या फणामागे सोडले, तर धुऱ्याशी तिफण वळताच तो फण आधीच्या तुरीच्या शेजारी येतो, तुरीच्या दोन ओळी लगत पडतात आणि पुढच्या जोडओळीपर्यंत सोयाबीनच्या चार ओळी जातात. फेरीमागे बी तेच, तासही तेवढेच. बदलते ती केवळ मांडणी, आणि मांडणीची नोंद गुणोत्तर ठेवत नाही. ही मर्यादा पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांतून सहसा कळत नाही, म्हणून ती शेतात दाखवणे मोलाचे.

विद्यार्थ्यांची नेहमीची चूकही येथेच उघडी पडते. दोन्ही पदांत एकेक मिळवून २:१ चे ३:२ करणारा विद्यार्थी बेरजेने विचार करत असतो. त्याला तीस तासांचा पट्टा द्यावा. दहा फेऱ्यांत सोयाबीनचे २० आणि तुरीचे १० तास पडतात, तर ३:२ ने ते १८ आणि १२ व्हायला हवेत. सोयाबीनचे ५० तास असतील तर तुरीचे किती, हे तीन ज्ञात पदांवरून चौथे काढणे म्हणजेच त्रैराशिक. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त ते विस्ताराने मांडले आहे.

सोयाबीन साधारण शंभर दिवसांत काढणीला येते. त्याआधी शिक्षकांनी वर्ग एकदा तरी बांधावर न्यावा आणि ओळी मुलांनाच मोजू द्याव्यात.