सर्व प्रसंगांना एकच घड्याळ

मनगटी घड्याळ घेणे ही आपल्याकडे पुष्कळ वर्षे आयुष्यात एकदाच करावयाची गोष्ट होती. मुलगा मॅट्रिक झाला म्हणजे वडील ते घेऊन देत, नाही तर लग्नात सासऱ्याकडून मिळे. आणि मग तेच घड्याळ शेतावर, कचेरीत, बाजारात आणि स्मशानातही हातावर असे. आज दुकानात पाऊल टाकताच पहिला प्रश्न येतो, "रोजच्या वापराला हवे, की समारंभासाठी?" या प्रश्नातच दोन घड्याळे खपविण्याची सोय आहे. ज्याला एकच घ्यावयाचे आहे, त्याने निवड कशी करावी, एवढ्यापुरता आपण येथे विचार करू.

आमचे म्हणणे असे की, घड्याळ आपल्या सर्वांत थाटाच्या दिवसासाठी निवडू नये. सर्वांत कष्टाच्या दिवसासाठी निवडावे. साधे घड्याळ लग्नमंडपात खपून जाते. मंडपातले खड्यांचे घड्याळ मात्र केळीच्या बागेत नेता येत नाही.

दागिना आणि घटिका यांची गल्लत झाली म्हणजे काय होते, हे सांगणारी एक आख्यायिका आपल्या भागाला परकी नाही. भास्कराचार्यांची कन्या लीलावती हिच्या लग्नाचा मुहूर्त पाहण्यासाठी घटिकापात्र मांडले होते. ती कुतूहलाने वाकून पाहू लागली, अंगावरच्या दागिन्यातला मोती पात्रात पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला. कथा खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवू. परंतु भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे, ही गोष्ट खरी आहे. कथेतला बोध साधा आहे: मोती कितीही पाणीदार असला, तरी वेळ सांगणे हे त्याचे काम नव्हे.

हा बोध लग्नाच्या बाजारात आपण विसरतो. घड्याळ, सायकल आणि रेडिओ ही जावयाच्या मागण्यांची यादी एके काळी घरोघर पाठ होती. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा आला. त्याच साली बंगळूरला सरकारी एचएमटी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने घड्याळांचा कारखाना सुरू केला. त्यांचे 'जनता' घड्याळ म्हणजे रोज चावी द्यावयाची, स्वच्छ तबकडीची, १७ खड्यांची साधी वस्तू. हे खडे आतल्या चाकांची झीज वाचविण्यासाठी, मिरविण्यासाठी नव्हेत. एचएमटीचा घड्याळ-व्यवसाय बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ साली मंजुरी दिली. तरी वडिलांचे 'जनता' जपून वापरणारे लोक आजही भेटतात. उलट कर्ज काढून जावयाला दिलेले भपकेदार घड्याळ बहुधा कपाटात राहते. तेथे यंत्राचे तेल सुकते, सेल असला तर तो पाझरतो. मुलीच्या बापाचा पैसा असा वाया जातो.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पहिली कसोटी आपल्या हवेची. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. घामाने कातडी पट्टा कुजतो आणि त्याला वास येतो. म्हणून रोजसाठी पोलादी पट्टा घ्यावा. पट्ट्याची रुंदी १८ किंवा २० मिलीमीटर असावी, कारण या मापाचे पट्टे कोठेही मिळतात. कार्यप्रसंगी काळा कातडी पट्टा चढविला की तेच घड्याळ वेगळे दिसते. दुसऱ्या घड्याळाचे काम दुसरा पट्टा करतो, आणि तो फार स्वस्त पडतो.

दुसरी कसोटी पाण्याची. पाठीवर '३० मीटर' लिहिले म्हणजे ते घालून तेवढ्या खोल बुडी मारता येते, असे नव्हे. हा आकडा कारखान्यातल्या दाबाच्या चाचणीचा असतो. व्यवहारात त्याचा अर्थ शिंतोडे सोसणे एवढाच. पावसात भिजणाऱ्याने ५० मीटरचे आणि पोहणाऱ्याने १०० मीटरचे पाहावे.

तिसरी कसोटी यंत्राची. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. म्हणून ते महिन्याकाठी काही सेकंदच चुकते. चावीचे घड्याळ एका दिवसातच तितके मागेपुढे होऊ शकते. ज्याला गाडी गाठावयाची आहे, त्याला क्वार्ट्झ बरे. यंत्राची हौस असेल त्याने चावीचे घ्यावे. पण आपल्या गावचा घड्याळजी ते उघडील काय, हे आधी विचारावे.

बाकीचे डोळ्यांनी ठरते. तबकडी फिकट, काटे गडद, आकडे चष्म्याविना वाचता येणारे आणि व्यास ३६ ते ३९ मिलीमीटर असावा. सदऱ्याची बाही त्यावरून सहज सरकली पाहिजे. सेकंदकाटा हवाच, घरात आजारी माणसाची नाडी मोजताना तो उपयोगी पडतो.

खिशात मोबाईल असता घड्याळ कशाला, असे तरुण मंडळी विचारतील. मोबाईल वेळ सांगतो, पण वेळ पाहावयास गेलेला माणूस दहा मिनिटांनी निरोप वाचून परत येतो. दुखवट्याच्या घरी खिशातून मोबाईल काढणे जितके खटकते, तितके मनगटाकडे टाकलेली नजर खटकत नाही.

तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी दोनच प्रश्न स्वतःस विचारावेत. हे घालून उद्या सकाळी बाजार समितीत माल उतरविता येईल काय? आणि शेजारी कोणी वारले, तर हे काढून ठेवावे लागेल काय? पहिल्याचे उत्तर 'होय' आणि दुसऱ्याचे 'नाही' आले, तर किंमत कितीही कमी असो, ते घड्याळ खुशाल घ्यावे. मुलाच्या लग्नातही तेच घालावे.