एक फाईल, दोन एडिटर

मी कविता वहीत लिहितो. ती जुळवायची ते छापखान्यात. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचंही पुष्कळदा असंच असतं. छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांसाठीच्या 'आर्डुइनो' सॉफ्टवेअरच्या पहिल्या आवृत्तीत बाहेरचा एडिटर वापरण्याची सोय होती. ती निवडली, की तिथली लिहिण्याची जागा बंद होई. मजकूर लिहायचा तो १९९१ साली आलेल्या 'विम'सारख्या एडिटरमध्ये. तपासणीच्या वेळी आर्डुइनो डिस्कवरची फाईल नव्यानं वाचे.

हे कुलूप कशासाठी? दोन्हीकडे लिहिलं, तर प्रत्येकाकडे आपापली प्रत राहते. जो शेवटी सेव्ह करील त्याची टिकते. दुसऱ्याची मेहनत पुसली जाते. म्हणून कुलूप नसेल तिथं एवढंच पाळावं: उठताना सेव्ह करा, दुसरीकडे बसताना फाईल नव्यानं उघडा.