उंबरठ्यापुढचे वीस लाख

लेखमाला : पगार आणि छप्पर
लेखांक 4

गेल्या आठवड्यात आपण हप्त्याचं गणित मांडलं. 48 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षांची मुदत धरली, तर महिन्याला सुमारे 41,650 रुपये भरावे लागतात. दोघं कमावते असतील, तर ओढाताण करून का होईना, हा हप्ता निघतो. मग तिशीतली इतकी जोडपी अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर बिऱ्हाड का हलवत राहतात? बऱ्याचदा त्यांना अडवते ती पहिला हप्ता सुरू होण्याआधीच हातात लागणारी रोख रक्कम.

डोंबिवलीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीतला 60 लाखांचा वन बीएचके धरू. 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जासाठी रिझर्व्ह बँकेने घातलेली मर्यादा घराच्या किमतीच्या 80 टक्के आहे. उरलेले 12 लाख आपले. बँकेच्या भाषेत हे ‘मार्जिन मनी’. बहुतेकांची तयारी इथवरच असते. त्यावर 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 4 लाख 20 हजार, नोंदणीचे 30 हजार आणि 5 टक्के जीएसटीचे 3 लाख चढतात. अशा घरासाठी कर्ज ठरवताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च किमतीत धरायचा नाही, असा नियम आहे. त्यामुळे तो भार थेट खिशावर येतो. जीएसटीही स्वतःच भरायचा म्हटलं, तर बेरीज साडेएकोणीस लाख होते. पार्किंग, सोसायटीचा आगाऊ देखभाल खर्च आणि वकिलाची फी धरली की वीस लाख सहज ओलांडले जातात.

आता हे पैसे साठवायला बसू. घरभाडं भरून महिन्याला 20 हजार बाजूला टाकणं हीच मोठी शिस्त झाली. साडेसहा टक्के व्याजाने आठ वर्षांत त्याचे सुमारे 25 लाख होतील. पण घराची किंमत वर्षाला फक्त पाच टक्क्यांनी वाढली, तरी 60 लाखांचं घर तोवर साडेअठ्ठ्याऐंशी लाखांचं झालेलं असेल आणि हाताशी लागणारी रक्कम साडेअठ्ठावीस लाखांवर गेलेली असेल. आठ वर्षं एकही महिना न चुकवता बचत करून साडेतीन लाख कमीच पडतील.

याच टप्प्यावर घरात एक अवघड संध्याकाळ येते. मुलाला विचारायचं धाडस होत नाही. जेवणं झाल्यावर वडीलच विषय काढतात, ‘किती कमी पडतायत?’ मग निवृत्तीचा पीएफ निघतो, आईच्या पाटल्या निघतात, गावाकडच्या जमिनीचा विषय निघतो. ज्यांच्या घरी यातलं काहीच नाही, त्यांचा पगार तेवढाच असूनही घर लांबच राहतं. एकाच ऑफिसात शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी एकाला घर मिळतं आणि दुसऱ्याला नाही, ते कष्टांवर नव्हे, आईवडिलांच्या शिलकीवर ठरतं. घराच्या प्रश्नातली ही गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते.

सरकारी नियमांनी हा उंबरठा थोडा खाली आणता येतो. ‘परवडणाऱ्या’ घरावर जीएसटी एकच टक्का आहे, पण त्यासाठी घराची किंमत 45 लाखांच्या आत हवी आणि महानगरात कार्पेट क्षेत्र 60 चौरस मीटरपर्यंत हवं. 2019 मध्ये आखलेली ही रेषा वर्षानुवर्षं हलली नाही. आपलं 60 लाखांचं घर आकाराने लहान असूनही तिच्यात बसत नाही. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. इथे ती 60 हजारांची. पतीचं नाव जोडलं की ती जाते.

राज्याने मनात आणलं तर काय होतं, हे करोनाकाळात दिसलं. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं आणि नोंदणी कार्यालयांत गर्दी उसळली. ती सवलत सर्वांना होती, तिसरं घर घेणाऱ्यालाही. फक्त पहिल्या घरासाठी अशी सवलत कायमची दिली, तर आपल्या उदाहरणात 1 लाख 80 हजार वाचतील. पहिलं घर आणि गुंतवणुकीचं घर यांना एकाच मापाने मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

तोवर तीन गोष्टी सांभाळा. घराचं बजेट ठरवताना करारातल्या किमतीवर किमान 12 ते 15 टक्के वाढवून धरा. मार्जिन भरण्यासाठी वैयक्तिक कर्ज काढू नका, कारण त्याचा महाग हप्ता गृहकर्जाच्या हप्त्याच्या उरावर बसतो. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरच्या हाती देऊ नका. 2016 च्या रेरा कायद्याने त्याला ती घेण्यास मनाई आहे. ‘आजच भरा, उद्या भाव वाढेल’ असं कुणी म्हणालं, तर हे कलम त्याच्यापुढे ठेवा.

2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे 1 कोटी 10 लाख घरं रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी केंद्राच्या तांत्रिक गटाने शहरांतली घरांची तूट सुमारे 1 कोटी 88 लाख असल्याचं सांगितलं. त्यातली 95 टक्क्यांहून अधिक तूट अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची होती. कुलुपं लावलेली घरं आणि घरासाठी झुरणारी माणसं एकाच शहरात राहतात, ती कशी? त्याची मुळं 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यापर्यंत जातात. पुढच्या लेखांकात भाड्याच्या घराची ती गोष्ट पाहू.