एफ-१५०ची पेटी : जुन्या ट्रकच्या संगणकाची बदली

पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची, हे इंजिनाचे दोन मूलभूत निर्णय अमेरिकी मोटारउद्योगाने १९८०च्या दशकात कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर यांच्या हातून काढून घेतले आणि एका धातूच्या पेटीकडे सोपवले. फोर्डच्या एफ-१५० या पिकअप ट्रकमधल्या अशा पेट्या आता तीस-पस्तीस वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांच्या हुकमावर चालणारे सहा सिलिंडरचे, ४.९ लिटरचे इंजिन १९६५ पासून १९९६ पर्यंत तयार होत राहिले आणि दणकटपणाबद्दल त्याची ख्याती आजही कायम आहे. मात्र इंजिन शाबूत, गिअरबॉक्स शाबूत आणि तरीही गाडी जागेवर बसलेली, असा प्रसंग या ट्रकांच्या वाट्याला येतो तेव्हा पुष्कळदा त्याचे मूळ या पेटीत सापडते.

या पेटीची पूर्वपीठिका धुराच्या कायद्यात आहे. अमेरिकेच्या १९७०च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे विषारी वायूंचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणारे उपकरण, बसवणे भाग पडले. त्याचा तिहेरी प्रकार नीट चालायचा तर वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण सतत राखावे लागते, आणि कार्ब्युरेटरला ते साधत नव्हते. फोर्डने आपल्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची पहिली आवृत्ती १९७८च्या लिंकन व्हर्साय मोटारीत दिली. १९८३च्या मॉडेलांपासून आलेली चौथी आवृत्ती, म्हणजे ईईसी-४, इंटेलच्या ८०६१ या सोळा बिटांच्या प्रोसेसरवर चालत असे. १९८७ मध्ये ४.९ लिटरच्या इंजिनाला इंजेक्टर बसले तेव्हा त्यांचे नियंत्रण तिच्याकडेच आले. त्याच काळात महाराष्ट्राच्या घाटांतून माल वाहणाऱ्या टाटा आणि अशोक लेलँडच्या ट्रकांत डिझेलचे माप यांत्रिक पंप ठरवीत असे. तेथे पंप उघडून कॅलिब्रेशन करणारा मेस्त्री हाच गाडीचा वैद्य होता, त्यामुळे पेटीच्या दुखण्याची ओळख इकडच्या गॅरेजांना बरीच उशिरा झाली.

पेटीचे काम समजून घेतल्याशिवाय तिचे बिघडणे समजत नाही. इंजिनाचे तापमान, थ्रॉटलची उघडझाप, धुरातील उरलेला ऑक्सिजन आणि इंटेक मॅनिफोल्डमधील हवेचा दाब यांच्या नोंदी तिच्याकडे अखंड येत असतात; त्यांतील थ्रॉटल व दाब यांच्या सेन्सरांना लागणारा पाच व्होल्टचा स्थिर पुरवठा ती स्वतःच करते. फोर्डचा दाबमापक सेन्सर मोठा विलक्षण आहे, कारण तो आपले मोजमाप व्होल्टेजच्या चढउताराने न सांगता सेकंदाला किती स्पंदने होतात त्या संख्येने सांगतो. समुद्रसपाटीवर इंजिन बंद आणि चावी चालू असताना ही संख्या सुमारे १५९ असते, आणि साध्या मीटरवर व्होल्ट मोजणाऱ्याला तेथे केवळ एक निरर्थक सरासरी दिसते. या नोंदींवरून हिशेब करून पेटी इंजेक्टर उघडते, तेही थेट वीज देऊन नव्हे. इंजेक्टरच्या एका टोकाला बॅटरीचा पुरवठा कायम असतो, आणि पेटीतील ट्रान्झिस्टर दुसरे टोक क्षणभर अर्थला जोडून मंडल पूर्ण करतो. पुढे येणाऱ्या एका मोठ्या अडचणीचे कारण या रचनेतच आहे.

पेटी उघडली की लक्ष सहसा प्रोसेसरकडे जाते, परंतु तो क्वचितच दगा देतो. वयाचा मार बसतो तो पाटीवर उभ्या असलेल्या, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांना. बहुतेक पाट्यांवर ४७ मायक्रोफॅरडचे दोन आणि १० मायक्रोफॅरडचा एक, असे ते तीन असतात. कपॅसिटर म्हणजे विजेचा छोटा रांजण होय: पुरवठ्यात चढउतार झाला तरी पुढच्या मंडलाला मिळणारी धार तो एकसारखी राखतो. त्याच्या आत अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये विद्युतवाहक द्रवात भिजवलेला कागद अशी गुंडाळी असते, आणि तळाशी रबराचे बूच असते. इंजिनाशेजारची उष्णता वर्षानुवर्षे सोसून ते बूच कडक होते, द्रव थेंबाथेंबाने पाझरतो, आणि रांजण रिता होतो. एवढ्यावर निभावले असते तर नुकसान थोडे होते. पण पाझरलेला द्रव पाटीवरील संरक्षक लेपाखाली शिरतो, तांब्याच्या केसासारख्या वाटांवर हिरवा-काळा कळंक चढवतो आणि अखेर त्या वाटाच खाऊन टाकतो. झाकण काढताच नाकाला जाणवणारा माशांसारखा वास हीच अनेकदा पहिली खूण ठरते. हजारो किलोमीटरचा हिशेब बिनचूक करणारा प्रोसेसर अशा क्षुल्लक बुचामुळे मुका व्हावा, आणि त्यासाठी सबंध पेटी भंगारात जावी, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे.

या झिजेची लक्षणे फसवी असतात. सकाळी गाडी चालू होते आणि गरम झाल्यावर बंद पडते. स्लोवर इंजिन हेलकावते. पाच व्होल्टचा पुरवठा ढासळला की एकाच वेळी दोन-तीन सेन्सर खोटे बोलू लागतात, आणि गाडीचा मालक ते एकेक करून बदलत राहतो. म्हणून पेटीला दोष देण्यापूर्वी तिचा पुरवठा आणि तिचा अर्थ तपासणे अगत्याचे ठरते. बॅटरीच्या ऋण टोकाशी जाणारी पेटीची तार नवीन टर्मिनल बसवताना सुटी राहिली असेल, तर धडधाकट पेटीही वेडीवाकडी वागते. चावी फिरवल्यावर पेटी पेट्रोलपंपाच्या रिलेला क्षणभर हुकूम देते आणि टाकीकडून घूं असा आवाज येतो. इंजिनाचा इशारादिवाही लागतो. पुरवठा व अर्थ चोख असूनही हे दोन्ही होत नसेल, तर संशय बळावतो. ईईसी-४ मध्ये आत्मपरीक्षणाचीही सोय आहे: इंजिनाजवळच्या तपासणी-जोडणीत तारेचा एक तुकडा लावला, की तोच दिवा लुकलुकून सांकेतिक अंक सांगतो. सर्व ठीक असल्यास सुरुवातीच्या गाड्यांत ११ आणि नंतरच्या गाड्यांत १११ हा अंक येतो. पेटीच्या स्मृतीत बिघाड असल्यास त्याचाही अंक ठरलेला आहे. आणि काहीच अंक न येणे, हेही एक उत्तर असते.

पेटी काढण्याचे काम त्या मानाने सोपे आहे. बॅटरी सोडवावी, इंजिन आणि केबिन यांच्यामधील पत्र्यापाशी असलेल्या साठ पिनांच्या जोडणीचा बोल्ट दहा नंबरच्या पान्याने सैल करावा, आणि चालकाच्या पायाकडील बाजूने पेटी ओढून घ्यावी. बसवताना तो बोल्ट हाताने सरळ धरावा लागतो, कारण जोडणी किंचित तिरकी बसली तरी पिना वाकतात.

खऱ्या अडचणी यानंतर सुरू होतात. नव्या पेट्यांचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. उरतात ती दुरुस्त करून विकलेली पेटी आणि भंगारच्या यार्डातील पेटी. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात आणि साठ पिनांची जोडणी कोणत्याही पेटीवर चपखल बसते, परंतु पेटीच्या आत कोरलेले गणित विशिष्ट इंजिन, गिअरबॉक्स आणि त्या राज्याचा धूरनियम यांना धरून असते. ते ओळखायचे ते चिकटपट्टीवरील तीन-चार अक्षरी संकेतावरून. त्याच पट्टीवरील भाग-क्रमांकात १२ए६५० हे या जातीच्या पेटीचे मूळ नाव असते आणि त्याआधीच्या अक्षर-अंकांत दशक व वर्ष दडलेले असते: ‘ई’ म्हणजे ऐंशीचे दशक, ‘एफ’ म्हणजे नव्वदचे. १९८९ मध्ये आलेल्या ई४ओडी या स्वयंचलित गिअरबॉक्सचे गिअरही हीच पेटी बदलते. त्यामुळे हाताने गिअर टाकायच्या ट्रकची पेटी तेथे लावली, तर इंजिन चालू होते आणि गिअरबॉक्सला मात्र कोणी वाली राहत नाही. पट्टी उन्हाने किंवा तेलाने पुसली गेली असेल, तर निवड अंदाजावर येते.

दुसरी अडचण जुन्या पेटीच्या मरणाच्या कारणाशी निगडित आहे. एखाद्या सोलेनॉइडची, म्हणजे विजेने झडप हलवणाऱ्या गुंडाळीची, वेटोळी आतल्या आत एकमेकांना चिकटली असतील, तर तिच्यातून नेमापेक्षा अधिक प्रवाह वाहतो आणि तिला अर्थशी जोडणारा पेटीतील ट्रान्झिस्टर जळतो. गुंडाळी तशीच ठेवून पेटी बदलली, तर दुसऱ्या पेटीचीही तीच गत होते. म्हणून जोडणी मोकळी असतानाच पेटीकडून चालणाऱ्या प्रत्येक गुंडाळीचा रोध मोजून घेणे हे या कामातले सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचे काम आहे.

तिसरी अडचण वयाची. यार्डातून आणलेली पेटी त्याच काळातली असते आणि तिच्यातले कपॅसिटर मूळचेच असतील, तर तीही त्याच वाटेवर असते. म्हणून जाणकार तिला गाडीला लावण्यापूर्वीच उघडतात. जुना डाग वितळवून कपॅसिटरचा पाय ओढताना भोकातील तांब्याचे नाजूक अस्तरही निघून आले, तर पाटीच्या दोन्ही बाजूंनी डाग द्यावा लागतो. वाट खाल्ली गेली असेल, तर लेप खरवडून केसाएवढ्या तारेचा पूल बांधावा लागतो. नवे कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअस सोसणारे घ्यावेत, आणि पाटीवरील धन-ऋणाच्या खुणा जुने काढण्याआधीच टिपून ठेवाव्यात, कारण उलटा बसलेला कपॅसिटर तापून फुटतो.

हे सारे जमून दिवा १११ लुकलुकला, तरी पहिले काही किलोमीटर इंजिन अडखळते. या इंजिनाची झीज, त्याच्या इंजेक्टरांची सवय आणि पेट्रोलची भरपाई यांविषयी जुन्या पेटीने साठवलेल्या नोंदी बॅटरीच्या अखंड पुरवठ्यावर जगत होत्या, आणि बदललेली पेटी त्या नोंदींवाचून कोरी येते. त्या नव्याने जमेपर्यंत ट्रक निदान दहा मैल, म्हणजे सुमारे सोळा किलोमीटर, वेगवेगळ्या गतींनी चालवावा लागतो.